गोळी थांबवायची कुणी?

२००७ साली सातारा जिल्हा परिषदेने एक योजना काढली. नाव होतं 'सेकंड हनिमून पॅकेज'. नव्या जोडप्याने पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. नाव ऐकून लोक हसले. २०१० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने साताऱ्यातून त्यावर बातमी केली. खरं तर हसण्यासारखं त्यात फार काही नव्हतं. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेल्या पोरीला वर्षाच्या आत बाळंतपणाला बसवू नका, आधी तिची तब्येत सुधारू द्या, नवऱ्याशी नीट ओळख होऊ द्या, एवढं सांगायला सरकारला पैसे मोजावे लागले. हसायचंच तर आपल्यावर हसावं.

मला मात्र त्या योजनेतलं वेगळं काहीतरी खटकतं. तिसरं वर्ष संपलं की काय होणार, हे त्यात न बोलता ठरलेलं होतं. तीन वर्षं मूल नको, मग मूल. गोळी सुरू करायला सरकारचं बक्षीस आणि बंद करायला सासरच्यांची घाई, या दोन टोकांच्या मध्ये ती बाई कुठेतरी उभी. सुरू करण्याबद्दल आपल्याकडे शंभर वर्षं भांडण चाललंय. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, त्यापायी खटले अंगावर घेतले. ते गेले १९५३ साली, आणि अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून गोळीला मंजुरी मिळाली १९६० साली. साधन बाईच्या हातात यायला हवं, हा त्यांचा हट्ट होता. ते हातात आल्यावर खाली कधी ठेवायचं, कुणाच्या सांगण्यावरून ठेवायचं आणि ठेवल्यावर उरते ती बाई कोण, हे प्रश्न अजून आपल्याकडे कुणी नीट विचारलेले नाहीत.

मी गोळी नऊ वर्षं घेतली. एकोणिसाव्या वर्षी सांगलीत विश्रामबागला हॉस्टेलवर असताना सुरू झाली, अठ्ठाविसाव्या वर्षी बंद केली. हिशेब केला तर दोन हजार चारशेच्या वर गोळ्या होतात. कारण पीसीओडी. पाळी तीन-तीन महिने येत नव्हती आणि हनुवटीवर न बसणारे फोड होते.

सातारा-सांगलीकडे अविवाहित मुलीच्या पर्समध्ये गर्भनिरोधक गोळी याच दाराने येते. महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांचं 'ऑपरेशन' झालेलं असतं आणि गोळी घेणाऱ्या शंभरात दोनही भरत नाहीत. म्हणजे आमच्या आयांच्या पिढीत गोळी फारशी कुणी घेतलीच नाही. दोन मुलं, एक तरी मुलगा, मग ऑपरेशन, असा सरळ रस्ता होता. याच साताऱ्यात २०११ साली 'नकुशी' नावाच्या पावणेतीनशेहून जास्त मुलींची नावं जिल्हा परिषदेने समारंभ करून बदलली, म्हणजे त्या रस्त्यावरचं दुसरं वळण कसं होतं तेही कळतं. आमची पिढी गोळीकडे आली ती दवाखान्याच्या चिठ्ठीने. चिठ्ठीवर आजाराचं नाव असलं की मेडिकलवाला गोळ्या खाकी पाकिटात घालून देतो आणि आई विचारते, "आज घेतलीस का?" त्याच गोळीवर 'गर्भनिरोधक' असं लिहून आलं असतं तर घरात काय झालं असतं, याची कल्पना तुम्हीच करा.

बंद का केली, असं सगळे विचारतात. ठोस कारण नव्हतं. लग्न ठरलं नव्हतं, मूल नको होतं, काही बिघडलंही नव्हतं. वर्षातून एकदा बीपी बघायचे, ते नीट असायचं. मला बघायचं होतं. ज्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली त्यांना मध्ये एकदा विचारलं होतं, किती वर्षं घ्यायची? "लग्नानंतर बघू," असं उत्तर आलं होतं. ते वाक्य डोक्यात राहिलं. माझ्या अंडाशयाचं वेळापत्रक माझ्या न ठरलेल्या लग्नाला बांधलेलं होतं, आणि ते बांधणाऱ्या माणसाला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंशी बोलून, पाकीट पूर्ण करून, पुढचं घेतलं नाही. इतकंच. थांबवायला काहीच करावं लागत नाही, हे मला फार नवलाचं वाटलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण यूट्यूबवर दोन टोकाच्या गोष्टी ऐकायला मिळतात. पहिला महिना नेहमीसारखा गेला. दुसऱ्यात काहीच आलं नाही. सत्तेचाळीस दिवसांनी पाळी आली, पुढची एकसष्ट दिवसांनी. हनुवटीवरचे फोड परत आले, अगदी जुन्या जागी, भाडेकरू परतल्यासारखे. केस थोडे गळले आणि मग थांबले. चौथ्या महिन्यात एके दिवशी अंगावरून पारदर्शक, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं काहीतरी गेलं आणि मी घाबरून मैत्रिणीला फोन केला. ती नर्स आहे. ती हसत सुटली. म्हणाली, "अगं, अंडं सुटायच्या वेळचं आहे ते. तुला माहीत नाही?" अठ्ठाविसाव्या वर्षी माहीत नव्हतं. नऊ वर्षं अंडं सुटलंच नव्हतं, आणि त्याआधी बघायची समज नव्हती.

त्याहून मोठा धक्का वाचताना बसला. गोळीवर असताना दर महिन्याला जे रक्त जातं ती पाळी नसतेच. एकवीस दिवस हार्मोन मिळतं, सात दिवस मिळत नाही, त्या खंडामुळे गर्भाशयाचं पातळ अस्तर गळतं, एवढंच. सरकारी माला-डीच्या पाकिटातही एकवीस गोळ्या हार्मोनच्या आणि सात लोहाच्या असतात. हा सात दिवसांचा खंड शरीराने मागितलेला नाही. गोळी बनवणाऱ्यांना, म्हणजे पिंकस आणि रॉक या अमेरिकन मंडळींना, ती बायकांना नैसर्गिक वाटावी असं वाटत होतं. जॉन रॉक कॅथलिक होते, चर्चला ही पद्धत पटावी अशी त्यांना आशा होती. चर्चला पटली नाही ती नाहीच. २०१९ साली ब्रिटनमधल्या तज्ज्ञ संस्थेने स्पष्ट सांगितलं की त्या सात दिवसांच्या खंडाचा आरोग्याला काही फायदा नाही. आणि मी नऊ वर्षं त्या रक्तासाठी देवघरापासून लांब बसले होते. गौरीच्या ओवाळणीला दारात उभी राहिले होते. ज्याची शिवाशिव पाळली ते शास्त्रार्थाने बघितलं तर विटाळच नव्हतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग काय होतं?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचत नाही.

याच सुमाराला माझी एक मैत्रीण सहज म्हणाली, "आता तू खरी तू झालीस." तिचा हेतू प्रेमाचाच होता. पण माझ्या मते या सगळ्या विषयात सगळ्यात घोटाळा करणारं वाक्य हेच आहे.

यामागची कल्पना अशी की आत कुठेतरी एक मूळ मी आहे, तिच्यावर गोळीचा थर चढला होता, तो खरवडला की ती दिसेल. इन्स्टावर या कल्पनेचा चांगला धंदा चालतो. गोळी बंद केल्यावर शरीर 'डिटॉक्स' करा, अमुक चूर्ण घ्या, तमुक बिया खा. वस्तुस्थिती अशी की गोळीतलं हार्मोन शरीरात साठून राहत नाही, काही दिवसांत निघून जातं. बहुतेक बायकांचं अंडोत्सर्जन एक ते तीन महिन्यांत परत सुरू होतं आणि वर्षभरात दिवस राहण्याचं प्रमाण गोळी न घेतलेल्या बायकांइतकंच असतं. धुवून काढण्यासारखं आत काही नसतंच. उलट काही गोष्टी राहतात, त्या भल्याच्या. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका गोळीने कमी होतो आणि तो कमीपणा बंद केल्यावरही बरीच वर्षं टिकतो. स्तनाच्या कॅन्सरचा किंचित वाढलेला धोका बंद केल्यावर हळूहळू ओसरतो. शरीर कोऱ्या पाटीवर परत येत नाही. जिथून निघालो तिथेच पोचायचं असतं तर मी एकोणीस वर्षांची झाले असते.

मराठीत प्रकृती या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि आपण ते सहज मिसळतो. प्रकृती म्हणजे निसर्ग, आणि "प्रकृती कशी आहे?" म्हणजे तब्येत कशी आहे. त्यामुळे जे नैसर्गिक तेच निरोगी असं आपल्याला भाषेतूनच वाटायला लागतं. माझी प्रकृती, गोळीशिवायची, ही आहे: एकसष्ट दिवस वाट बघायला लावणारी. सांख्य दर्शनात तर प्रकृती ही स्थिर वस्तूच नाही. तीन गुणांचा तोल सतत हलत राहतो, त्या हलण्यालाच तिथे जग म्हणतात. ते तत्त्वज्ञान मी सगळं मानते असं नाही, पण एवढी गोष्ट पटते. मूळ, शांत, न बदलणारी अशी माझी कुठली आवृत्ती कधी नव्हती.

माझी आत्या बारा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. ती घेण्याआधी दिवसभर झोपून असायची, कुणाशी बोलायची नाही. तिला कुणी कधी म्हणालं नाही की बाई, गोळी सोड, म्हणजे तू खरी तू होशील. सगळे म्हणतात, गोळीमुळे ती परत माणसात आली. दोन्ही हार्मोनच. मग एक घेतल्याने माणूस स्वतःकडे येतो आणि दुसरं सोडल्याने येतो, असं का? फरक आहे, तो नाकारत नाही. आत्याची गोळी कमी पडलेलं भरून काढते, माझी गोळी चालू असलेलं थांबवते. पण माझं चालू तरी नीट कुठे होतं? मला वाटतं खरा फरक दुसरा आहे. आत्याच्या थायरॉइडकडून कुणाला नातवंड नको आहे.

इथे एक गोष्ट उलट बाजूनेही सांगायला हवी, नाहीतर हा लेख गोळीची जाहिरात होईल. गोळीने मन बदलतं, असं म्हणणाऱ्या बायकांना बरीच वर्षं वेड्यात काढलं गेलं. २०१६ साली डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदींवर अभ्यास झाला. हार्मोनची साधनं वापरणाऱ्यांमध्ये नैराश्याची औषधं पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, किशोरवयीन मुलींमध्ये आणखी जास्त. हार्मोननेच ते घडवलं हे यातून सिद्ध होत नाही, आणि असंख्य जणींना असं काहीच होत नाही. पण एखादी म्हणाली की गोळीवर मला सगळं काचेपलीकडे वाटत होतं, तर तिचं खरं मानायला काय हरकत आहे? तिने बंद करावी. फक्त काचेअलीकडची तेवढी खरी आणि पलीकडची खोटी असं म्हणू नये. पलीकडचीनेच परीक्षा दिल्या, नोकरी धरली, आजीचं आजारपण काढलं.

रील्समध्ये अजून एक गोष्ट फिरते: गोळीवर असताना निवडलेला जोडीदार गोळी सोडल्यावर आवडेनासा होतो, वासच आवडत नाही. याचं मूळ १९९५ सालच्या एका स्विस प्रयोगात आहे, ज्यात बायकांना पुरुषांचे घातलेले टी-शर्ट हुंगायला दिले होते. नंतरच्या अभ्यासांत तसाच निकाल दर वेळी मिळालेला नाही. पण समजा मिळाला असता. तरी काय? माणूस भुकेला असताना, प्रेमात पडलेला असताना, झोप झालेली नसताना निर्णय घेतो आणि ते निभावतो. कुठल्या हार्मोनच्या पातळीवर दिलेला शब्द खरा मानायचा, याची यादी काढायला बसलो तर एकही शब्द शिल्लक राहणार नाही.

तेव्हा 'खरी मी कोणती' हा प्रश्न मी सोडून दिला. त्याच्या जागी एक साधा प्रश्न घेतला: हे थांबवायचं कुणाच्या हातात होतं?

या प्रश्नाने पाहिलं तर साधनं वेगळीच दिसायला लागतात. गोळीचं एक मोठेपण असं की ती घेणारीच थांबवू शकते, आज रात्री, कुणाला न विचारता. तांबी काढायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि काढायला गेलेल्या बाईला "कशाला काढताय, राहू दे की अजून वर्षभर" असं ऐकावं लागतं. इंजेक्शन एकदा टोचलं की तीन महिने बाहेर काढता येत नाही, आणि सोडल्यावर दिवस राहायला बरेच महिने, कधी वर्षभर लागतं. म्हणूनच या इंजेक्शनांवरून आपल्याकडे मोठं भांडण झालं. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन या इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायका जमवल्या गेल्या, त्यांना हे प्रयोग आहेत याची धड कल्पना नव्हती, आणि १९८६ साली स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दुसरं इंजेक्शन, डेपो-प्रोव्हेरा, २०१७ पासून 'अंतरा' नावाने सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. कुणा बाईला ते सोयीचं वाटतं, नवऱ्याला दिसत नाही, रोज आठवण ठेवावी लागत नाही. तिला ते मिळायलाच हवं. पण ते टोचण्याआधी 'नको वाटलं तर लगेच थांबवता येणार नाही' हे वाक्य तिला कुणी शांतपणे सांगितलं का, यावर माझ्या मते त्या दवाखान्याचं सगळं नीतिशास्त्र उभं आहे.

आणि ज्यांच्यासाठी थांबणं असं काही नसतंच, त्या बायका आमच्याच रस्त्यावर दिसतात. कार्तिकाच्या सुमाराला साताऱ्याहून सांगलीला एसटीने निघालं की कराडच्या पुढे, इस्लामपूरच्या अलीकडे-पलीकडे, उसाच्या फडांत बीडकडच्या टोळ्या उतरलेल्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, खाडा झाला तर पैसे कापतात, फडात संडास नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्याची पाहणी आली: ८२ हजारांवर ऊसतोड महिला, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली. पाळीचा त्रास म्हणून गेलेल्या बाईला पिशवीच काढून मिळाली. मी 'बंद करून बघते' म्हणू शकले, कारण माझ्या बंद करण्यात परत सुरू करणं होतं. तिच्या बंद करण्यात ते नव्हतं. साखर तुमच्या-माझ्या चहात आहे, म्हणून हे इथे लिहिलं.

पण 'थांबवणं तिच्या हातात' असं म्हणून सुटका होत नाही. हे मला एका ओळखीच्या बाईमुळे कळलं. कराडच्या बाजूच्या एका गावातली, माझ्याच वयाची. लग्नाला चार वर्षं, दोघांनी ठरवून गोळी चालू होती. दिवाळीत सासूने विषय काढला, नवराही म्हणाला, आता बंद करूया. ती हो म्हणाली. बंद केली नाही. तिला स्पर्धा परीक्षेचा एक शेवटचा प्रयत्न करायचा होता आणि ते बोलून दाखवायची घरात सोय नव्हती. पाकीट तांदळाच्या डब्यात, तळाशी. दिवाळीपासून आषाढापर्यंत, आठ महिने.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, शाब्बास. तिचं शरीर, तिची गोळी, सांगायची सक्ती कुणाची? तिच्या जागी मीही हेच केलं असतं. मग तिने पुढचं सांगितलं. सासू संकष्ट्या करायला लागली होती. त्याबद्दल तिला फार वाईट वाटत नव्हतं. पण सहाव्या महिन्यात नवरा स्वतःहून तपासणीला गेला. कुणाला न सांगता, कराडला, लॅबमध्ये. आमच्याकडचा पुरुष स्वतःहून त्या तपासणीला जाणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. रिपोर्ट चांगला आला. तो आल्यावर तिला म्हणाला, "माझ्यात काही नाही. तुझ्यात असलं तरी आपण बघू, तू काळजी करू नको." ती म्हणाली, त्या रात्री मला पहिल्यांदा लाज वाटली. गोळी त्या रात्रीही घेतली.

आता हे कसं तोलायचं? खोटं ते खोटं, म्हणून मोकळं होणं सोपं आहे. घरात दोन सत्ता असतील, एकीला खरं बोलायची मुभा आणि दुसरीला नाही, तर दुसरीच्या खोट्याचं ओझं सगळं तिच्याच माथी मारणं मला मान्य नाही. 'नको' म्हणायची सोय जिथे नाही तिथे 'हो' या शब्दाची किंमत शून्य असते. तिने वचन मोडलं असं म्हणण्याआधी ते वचन होतं का, हे बघावं लागेल. इथवर मी तिच्या बाजूने आहे आणि राहीन.

पण नवरा लॅबमध्ये गेला त्या दिवशी काहीतरी बदललं. तोवर ती स्वतःचं काहीतरी राखत होती. त्यानंतर त्याची भीती तिच्या राखण्याचा खर्च भागवायला लागली. गोळी न सोडणं हा तिचा हक्क, पण 'माझ्यातच काही कमी असेल' असं त्याला महिनोन्‌महिने वाटू देणं हा त्या हक्काचा भाग नाही. अश्वत्थामा मेल्याचं अर्धसत्य बोलल्यावर युधिष्ठिराचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला, अशी गोष्ट आहे. मला त्या गोष्टीत नेहमी वाटतं की रथ खोट्यामुळे टेकला नसावा. युद्धात सगळेच खोटं बोलत होते. तो टेकला कारण समोर एक बाप होता आणि बापपणालाच हात घातला होता.

ती परीक्षा पास झाली नाही. गोळी तिने आषाढात खरोखर बंद केली. तिने मला विचारलं, त्याला आता सांगू का? मी म्हटलं, सांग. तिने विचारलं, "सांगितल्यावर तो सासूला सांगणार नाही याची खात्री तू देतेस?" मी गप्प बसले. सत्य दोघांत राहील एवढी भिंत घराला असेल तर ते बोलता येतं. तिच्या घराला ती आहे का, हे मला सातारा-सांगलीच्या एसटीत बसून ठरवता येत नाही. माझं मत अजून 'सांग' असंच आहे, पण ते माझं मत आहे, किंमत तिची जाणार आहे.

सरकारच्या त्या पॅकेजमध्ये या नवऱ्या-बायकोसाठी काही नव्हतं, असं नाही. एक गोष्ट होती. दोघांनी मिळून तारीख ठरवायची, आणि त्याला कारण म्हणून घरच्यांना दाखवायला एक सरकारी कागद. कधी कधी वाटतं, पाच हजारांपेक्षा लोकांना तो कागदच हवा असेल. 'आम्हाला नको आहे' असं म्हणण्याऐवजी 'सरकारने सांगितलंय' असं म्हणता येणं. माझ्या चिठ्ठीवरच्या पीसीओडीचं कामही तेच होतं. मला स्वतःला हवी म्हणून गोळी घेते आणि आता नको म्हणून सोडते, एवढं कारण आमच्याकडे अजून कारण मानलं जात नाही.

गोळी बंद करून मला आता चौदा महिने झाले. पाळी अडतीस ते पंचावन्न दिवसांच्या मध्ये कधीही येते. डॉक्टरीणबाई म्हणतात, तीन महिन्यांच्या वर गेली तर या, पुन्हा काहीतरी सुरू करू. कदाचित तीच गोळी. त्याला माझी हरकत नाही.

गेल्या श्रावणात आई म्हणाली, हार्मोनच्या गोळ्या सोडल्यास ते बरं केलंस, असलं काही शरीरात घालू नये. आणि भाद्रपद लागायच्या आधी तिनेच मेडिकलमधून दुसरं पाकीट आणून माझ्या हातात दिलं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. तेही हार्मोनच, दिवसातून दोन-तीनदा घ्यायचं, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. गौरी बसायच्या होत्या, घरात कामाला दुसरं कुणी नव्हतं, अडचण यायला नको. मी तिला म्हटलं, "अगं, कधी येणार तेच माहीत नाही. तीन दिवस आधी म्हणजे कधीपासून घेऊ?"

तिने कॅलेंडर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाकीट फ्रीजवर ठेवून दिलं. पाळी गौरी गेल्यावर अकरा दिवसांनी आली.